शंका विचारणे आणि शंका घेणे

मनुष्याची पारख त्याच्या संगतीवरून होते, हे व्यापारी घरात कोणास वेगळे सांगावे लागत नाही. नवे गिऱ्हाईक उधारी मागू लागले, की पेढीवरचा जाणता माणूस त्याच्या कपड्यांकडे पाहत नाही. हा कोणाबरोबर उठतो-बसतो, याचा व्यवहार कोणाशी आहे, एवढेच तो विचारतो. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, ही म्हण त्याने पुष्कळदा खरी होताना पाहिलेली असते. शब्दांचेही असेच असते. एकटा शब्द सज्जन असतो. तो कोणाच्या शेजारी बसला, यावरून त्याचा भला-बुरा अर्थ ठरतो. परक्या भाषेत लिहिताना नेमका याच गोष्टीचा विसर पडतो आणि त्याची किंमत कधी कधी पैशांपेक्षा मोठी मोजावी लागते.

असे एक घर डोळ्यांसमोर आणावे. हळदीचा तीन पिढ्यांचा व्यापार. पेढीचे वडीलधारे, ज्यांना सारे घर आप्पा म्हणते, जुन्या काळचे मॅट्रिक. भाषांतर-पाठमालेवर त्यांचे इंग्रजी घडलेले; काळ, वचन, पुरुष यांत कधी चूक नाही. परदेशातील एका जुन्या खरेदीदाराकडून दोन रकमा एकदम आल्या. त्या कोणत्या बिलापोटी जमा धराव्यात, एवढेच विचारायचे होते. आप्पांनी ई-मेल लिहिली, "वुई हॅव अ डाउट अबाउट युवर पेमेंट." दोन दिवसांनी उत्तर आले ते अगदी कोरडे. आमची देणी आजवर वेळेवर आणि चोख आहेत. काही तक्रार असल्यास पुराव्यासह कळवावे, असा त्याचा आशय होता. अनेक वर्षांच्या व्यवहारात त्या गृहस्थाने असा सूर कधी लावला नव्हता. मुलाने दोन्ही पत्रे वाचली, कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "आप्पा, यापुढे तुम्ही इंग्रजीत लिहू नका. मला सांगत जा, मी लिहीन."

आप्पांनी पुन्हा ते पत्र उघडून पाहिले. कर्ता होता, क्रियापद होते, शब्दयोगी अव्यय योग्य होते. कोणत्याही शिक्षकाला लाल शाईची रेघ ओढता आली नसती. तरीही पत्र चुकले होते. त्या दिवसापासून त्यांनी इंग्रजीत एक ओळही लिहिली नाही. ज्यांनी चाळीस वर्षे पेढीचा पत्रव्यवहार सांभाळला, ते आता मुलाच्या खांद्यावरून पडद्याकडे पाहत उभे राहू लागले. थोड्याफार फरकाने असा प्रसंग आज अनेक घरांत घडतो. चूक एका शब्दाची असते, पण खाली जाते ती घरातल्या वडीलधाऱ्याची मान.

चूक कोठे होती, हे मराठीच उत्तम रीतीने सांगू शकते. आपल्या भाषेत शंका हा शब्द एकच आहे. परंतु शंका विचारणे निराळे आणि शंका घेणे निराळे. विद्यार्थी गुरुजींना शंका विचारतो, त्यात आदर असतो. एखाद्याच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेतली जाते, त्यात अविश्वास असतो. शब्द तोच, शेजारचे क्रियापद बदलले आणि अर्थ उलटला. इंग्रजी डाउट या शब्दाची संगत मुख्यतः दुसऱ्या प्रकारची आहे. त्याच्या आसपास बहुधा अविश्वास, अनिश्चितता, संशय हीच मंडळी वावरतात. विचारायच्या शंकेसाठी इंग्रजीत क्वेश्चन किंवा क्वेरी हे शब्द आहेत. भारतातील वर्गांत मात्र शिक्षक धडा संपवून "एनी डाउट्स?" असे विचारतात आणि साऱ्या देशाला त्याचा अर्थ बरोबर कळतो. आप्पांचे पत्र भारतातल्या भारतात गेले असते, तर ते बिनचूक ठरले असते. समुद्रापलीकडच्या माणसाने मात्र त्यात शंका विचारलेली पाहिली नाही, घेतलेली पाहिली.

शब्दांच्या या संगतीकडे इंग्रजी शिकविणाऱ्यांचे लक्ष प्रथम नीट वेधले गेले, ते इंग्लंडबाहेर. हॅरल्ड पामर हे इंग्रज अध्यापक १९२२ साली जपानला गेले. तेथील विद्यार्थ्यांना व्याकरण येत होते, शब्दही पाठ होते, तरी त्यांची वाक्ये इंग्रजी वाटत नव्हती. पामर यांनी नेहमी एकत्र येणाऱ्या शब्दसमूहांचा कसून अभ्यास केला आणि १९३३ साली टोकियोत त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. असे शब्दसमूह सुटे करून पुन्हा जुळवीत बसण्यापेक्षा एकसंधपणे शिकावेत, हा त्यांचा निष्कर्ष होता. त्यांचे सहकारी ए. एस. हॉर्नबी यांनी हाच धागा पुढे नेऊन परभाषिक विद्यार्थ्यांसाठी कोश तयार केला. तो १९४२ साली जपानमध्ये छापला गेला आणि १९४८ साली ऑक्सफर्डने प्रकाशित केला. भारतातील असंख्य घरांत आजही आढळणाऱ्या ऑक्सफर्डच्या विद्यार्थी-कोशाचा उगम हा असा आहे.

या विचाराला शास्त्रीय बैठक देणारे जे. आर. फर्थ यांचा संबंध तर आपल्याच उपखंडाशी होता. १९२० च्या दशकात ते लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. पुढे लंडनमध्ये भाषाविज्ञानाचे अध्यापन करताना त्यांनी असे प्रतिपादन केले, की शब्दाच्या अर्थाचा एक भाग त्याच्या नेहमीच्या सोबत्यांमध्येच वसलेला असतो. कोशात दिलेला अर्थ खरा असतो, पण तो अपुरा असतो. पेढीवरचा जाणता माणूस गिऱ्हाइकाविषयी जे मानतो, तेच फर्थ शब्दाविषयी मानत होते.

इंग्रजीत सर्वाधिक फसवणूक करणारे शब्द मोठे किंवा अवघड नसतात. मोठा शब्द अडला, तर माणूस कोश उघडतो. डू, मेक, टेक, गिव्ह, कीप, मीट हे इवलेसे शब्द प्रत्येकाला येतातच, म्हणून त्यांच्यासाठी कोश उघडला जात नाही. मराठीत करणे हे एक क्रियापद धंदा, चूक, नफा, वायदा, मेहेरबानी अशा सर्वांच्या शेजारी बसते. इंग्रजीने तीच कामे दोघांत वाटून दिली आहेत. धंदा आणि मेहेरबानी यांच्याबरोबर डू येतो: डू बिझनेस, डू अ फेव्हर. चूक, नफा आणि वायदा यांच्याबरोबर मेक येतो: मेक अ मिस्टेक, मेक अ प्रॉफिट, मेक अ प्रॉमिस. केलेल्या कामाकडे लक्ष असेल तेथे डू आणि कामातून काही निपजले असेल तेथे मेक, असा एक ढोबळ नियम सांगता येतो. परंतु तो सर्वत्र टिकत नाही, कारण नुकसान हे निपजलेलेच असते आणि तरीही इंग्रजीत डू डॅमेज असेच म्हणतात. नियम दहा ठिकाणी तारतो आणि अकराव्या ठिकाणी बुडवितो. संगत मात्र पाठ असेल, तर ती सहसा बुडवीत नाही.

देणे या क्रियापदाची कथा व्यापाऱ्याला अधिक जवळची आहे. आपण ऑर्डर देतो. इंग्रजीत मात्र मालाची ऑर्डर प्लेस केली जाते. गिव्ह अ‍ॅन ऑर्डर म्हटले, की बहुधा हुकूम सोडल्याचा अर्थ होतो. "वुई गेव्ह यू अ‍ॅन ऑर्डर" या वाक्यात लिहिणाऱ्याला नम्र गिऱ्हाईक दिसते, तर वाचणाऱ्याला हुकूम सोडणारा मालक दिसू शकतो. मागणी या शब्दाचेही असेच आहे. बाजारात मालाला मागणी असते, तेथे डिमांड हा शब्द शोभतो. पण राहिलेल्या रकमेची मागणी करताना "वुई डिमांड पेमेंट" लिहिले, तर ती नोटीस वाटते. तेथे रिक्वेस्ट हवा. शब्दाचे वजन तराजूत एकदा ठरले आणि सर्वत्र तेच राहिले, असे होत नाही. ज्या पारड्यात तो पडतो, त्याप्रमाणे त्याचे वजन बदलते.

काही ठिकाणी दोन्ही भाषांची संगत जुळते, तेव्हा नवल वाटते. आपण वचन मोडतो. इंग्रज माणूसही ब्रेक अ प्रॉमिस म्हणतो. आपण खर्च सोसतो. तोही बेअर द कॉस्ट म्हणतो. पण हे जुळणेच पुढे पाय घसरविते. शब्द पाळणे म्हणजे कीप वन्स वर्ड, हे बरोबर आले म्हणून मुदत पाळणे यालाही कीप लावला जातो; तेथे मात्र मीट द डेडलाइन हा प्रयोग रूढ आहे. आपण लक्ष देतो, इंग्रजीत ते पे करावे लागते. जणू लक्ष हेसुद्धा रोख मोजून द्यायचे चलन आहे. आपल्याकडे चेक वटतो, तिकडे तो क्लिअर होतो. असे का, याचे समाधानकारक कारण दर वेळी सापडत नाही. पिढ्यान्‌पिढ्या एका आळीत राहिलेल्या कुटुंबांचे जसे घरोब्याचे संबंध होतात, तसे शब्दांचेही झालेले असतात.

ही संगत केवळ कानाने ओळखावी लागे, तो काळ आता मागे पडला. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठात १९६१ साली छापलेल्या मजकुरातून ५०० उतारे निवडून सुमारे १० लाख शब्दांचा संग्रह संगणकासाठी तयार करण्यात आला. अशा संग्रहात एखादा शब्द शोधला, की तो जेथे जेथे आला त्या सर्व ओळी एकाखाली एक मांडता येतात आणि त्याचे डावे-उजवे शेजारी स्पष्ट दिसतात. खतावणीत एका नावाचे पान उघडावे आणि त्या असामीचे सारे देणे-घेणे एका दृष्टीत यावे, तशीच ही रीत आहे. पुढे बर्मिंगहॅम येथे जॉन सिंक्लेअर यांच्या मार्गदर्शनाखाली याहून कितीतरी मोठा संग्रह जमविण्यात आला आणि त्यावर आधारलेला कोबिल्ड कोश १९८७ साली निघाला.

अशा पाहणीतून काही चकित करणाऱ्या गोष्टी उघड झाल्या. मायकेल स्टब्ज यांनी १९९५ साली कॉज या साध्या शब्दाचे शेजारी तपासले. कोशात त्याचा अर्थ कारण होणे, घडवून आणणे, एवढाच. पण प्रत्यक्षात त्याच्या मागोमाग प्रॉब्लेम, डॅमेज, डेथ, डिसीज अशी अशुभ मंडळीच फार मोठ्या प्रमाणात येतात. उलट प्रोव्हाइड या शब्दाच्या सोबतीला हेल्प, केअर, सपोर्ट अशी हवीहवीशी नावे असतात. आमच्या मालामुळे आपला फायदा होईल, हे सांगण्यासाठी कोणी "अवर गुड्स विल कॉज प्रॉफिट" असे लिहिले, तर अर्थ कळतो, पण वाचणाऱ्याच्या मनात किंचित खटकते. लग्नाच्या पत्रिकेला काळी किनार लावल्यासारखे ते होते. लिहिणाऱ्याचा हेतू शुद्ध असतो. सावली मात्र शब्दाच्या जुन्या संगतीची पडते.

या इतिहासात महाराष्ट्राचा वाटा मोलाचा आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. व्ही. शास्त्री यांच्या नेतृत्वाखाली भारतीय इंग्रजीचा असाच संग्रह सिद्ध झाला. १९७८ साली भारतात छापलेल्या इंग्रजी मजकुरातून ५०० उतारे, प्रत्येकी सुमारे २,००० शब्दांचे, म्हणजे एकूण सुमारे १० लाख शब्द त्यात घेतले गेले. १९८६ साली पूर्ण झालेला हा संग्रह जगभरचे अभ्यासक कोल्हापूर कॉर्पस या नावाने ओळखतात. अमेरिकन आणि ब्रिटिश इंग्रजीच्या शेजारी भारतीय इंग्रजी ठेवून पाहण्याची सोय त्यामुळे झाली. त्यामागील दृष्टी ध्यानात घेण्याजोगी आहे. भारतीयांचे इंग्रजी ही केवळ चुकांची यादी नाही. तिला स्वतःच्या सवयी आहेत आणि त्या अभ्यासाला पात्र आहेत. "डू द नीडफुल" हा प्रयोग आज परदेशात जुनाट वाटत असला, तरी तो एकेकाळी इंग्रजांच्याच पत्रांत होता. डाउट म्हणजे प्रश्न, ही सवयही इथल्या वर्गांत घडली आणि इथे ती चालते. तेव्हा प्रश्न शुद्ध-अशुद्धाचा कमी आणि पत्र कोणाच्या हाती पडणार, याचा अधिक आहे. मालाची बांधणी आपण गिऱ्हाइकाच्या गावाची वाट आणि हवा पाहून करतो; शब्दांची बांधणीही तशीच करावी.

आता पुन्हा त्या घराकडे वळावे. सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपून मंडळी ओसरीवर बसली असता आठवीतली नात शाळेची बातमी सांगू लागली. "आजोबा, आज मी गणिताची परीक्षा घेतली." आप्पांनी शांतपणे विचारले, "कोणाची घेतलीस बाळ? बाईंची?" सारे हसले. मुलीला काही उमगेना. शाळेत ती रोज ऐकते त्या इंग्रजीत परीक्षा टेक केली जाते. तिने तोच शब्द प्रामाणिकपणे मराठीत आणला होता. आप्पा म्हणाले, "परीक्षा बाईंनी घेतली. तू दिलीस." इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मुलांच्या तोंडी अशी वाक्ये आता वारंवार येतात. ती निर्णय बनवतात, फोटो घेतात. वाक्यातील प्रत्येक शब्द मराठी असतो, संगत मात्र परकी असते.

हसता हसता मुलगा एकाएकी थांबला. आप्पांचे डाउट आणि मुलीची परीक्षा यांत अंतर ते काय होते? दोघांनीही आपल्या भाषेतील शेजार दुसऱ्या भाषेत नेला होता. एकाला त्याने पत्र लिहिणे बंद करायला सांगितले होते आणि दुसरीला जवळ घेऊन शिकविले जात होते. तो उठला, संगणक उघडला आणि म्हणाला, "आप्पा, त्या दोन रकमांचे पत्र पुन्हा तुम्हीच सांगा. मी फक्त टंकतो." नवे पत्र गेले ते असे, "वुई हॅव अ क्वेश्चन अबाउट द टू पेमेंट्स वुई रिसीव्हड." पहिल्या पत्रातील शब्दाने गैरसमज झाल्याबद्दल दोन ओळींची दिलगिरीही आप्पांनी स्वतः जोडली. उत्तरात बिलांचे क्रमांक आले आणि शेवटी आप्पांच्या प्रकृतीची चौकशीही होती.

हा प्रसंग कल्पनेतील असला, तरी त्यातून निघणारा उपाय कोणत्याही घरात करता येण्याजोगा आहे. एक साधी वही घ्यावी आणि तिची जमा-नावेप्रमाणे दोन अंगे पाडावीत. डावीकडे मराठी शब्दसमूह, उजवीकडे त्याला रूढ असलेला इंग्रजी शब्दसमूह. सुटा शब्द कधीही लिहू नये. मुसळधार पाऊस, हेवी रेन. सोसाट्याचा वारा, स्ट्राँग विंड. कडक चहा, स्ट्राँग टी. भाव चढले, प्राइसेस रोज. भाव पडले, प्राइसेस फेल. माल ताब्यात घेणे, टेक डिलिव्हरी. उजवे अंग मुलांनी सांगावे आणि डावे वडीलधाऱ्यांनी. मुसळधार हा शब्द पावसाखेरीज कोणाच्या वाट्याला सहसा येत नाही, हे नातीला कळावे. कापड पांढरेशुभ्र असते आणि भ्यालेल्या माणसाचा चेहरा पांढराफटक पडतो, हेही तिने ऐकावे. दुकानात पांढरेफटक धोतर कोणी मागत नाही. अशी वही महिनाभर चालली, तर मुलांची मराठी आणि मोठ्यांची इंग्रजी एकाच पानावर सुधारत जाईल. शिवाय शिकविणारा आणि शिकणारा यांच्या जागा रोज बदलत राहतील, हा लाभ निराळाच.

भाषेतील चूक पाहून हसू येणे स्वाभाविक आहे. पण ज्याच्या भाषेला हसले जाते, तो हळूहळू बोलणेच टाकतो आणि घराची एक पिढी मुकी होते. वडीलधाऱ्यांचे इंग्रजी अडखळते म्हणून त्यांच्या हातून पत्र काढून घेऊ नये. मुलांची मराठी अडखळते म्हणून त्यांच्याशी इंग्रजीतच बोलू नये. दोन्हीकडे शब्द आहेत, उणीव केवळ त्यांच्या योग्य सोबत्यांची आहे. तो सोबती शेजारच्याच आसनावर बसलेल्या माणसाला बहुधा ठाऊक असतो. त्याला विचारावे. शंका विचारण्यात कमीपणा नाही. ती आपल्याच माणसाविषयी घेतली जाऊ नये, एवढे सांभाळले म्हणजे झाले.